कुंभकर्ण
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’. मी तो नाकारला. आपल्यातले निम्मे लोक त्याच वाटेने चाललेत, आणि उरलेल्यांची मुलं आता त्याच रांगेत उभी आहेत. माझ्या वाटचालीत खुर्ची, खुर्ची आणि मग जरा बरी खुर्ची, याहून वेगळं काही नाही. मी बोलणार आहे कुंभकर्णाबद्दल.

हसलात, म्हणजे आठवला. ज्यांना नाही आठवला त्यांच्यासाठी सांगते. शाळेच्या कोपऱ्यावर, सायकलवाल्याच्या पलीकडे चाचांचं गॅरेज होतं. त्याच्या दारात पिवळी क्रेन उभी असायची. मागे लोखंडी गर्डरचा त्रिकोण, त्याला साखळीची कप्पी, पुढे भलंमोठं नाक. आपली प्रार्थना सुरू व्हायची वेळ आणि चाचांची ती गाडी सुरू करायची वेळ एकच. ती खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची. आपण डोळे मिटून हात जोडून उभे, आणि मनात मात्र पैजा, की प्रार्थना आधी संपते का कुंभकर्ण आधी उठतो. उठला की काळा धूर थेट मैदानावर यायचा आणि पहिल्या रांगेतल्या मुलींना खोकला. मी उंचीने कमी, म्हणून कायम पहिल्या रांगेत.

आणि आठवीतला तो पावसाळा. वादळात कडुलिंब फाटकावर आडवा पडला. आपल्याला वाटलं, आता आठवडाभर सुट्टी. चाचा गाडी घेऊन आले, पुढच्या ड्रमवरची तार झाडाला बांधली आणि ओढायला लागले. जरा ओढलं की ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि तार सैल पडायची. आपण टाळ्या पिटायचो. चाचा शांतपणे खाली वाकायचे, खिशातून काहीतरी काढून आत घालायचे आणि पुन्हा ओढायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी झाडाच्या दोन फांद्या आधी तोडायला लावल्या, आणि मग झाड निघालं. दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीप्रमाणे भरली. त्याबद्दल आपण चाचांना बरेच दिवस माफ केलं नव्हतं.

मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि पहिल्याच कॅम्पस इंटरव्ह्यूत सॉफ्टवेअर कंपनीत गेले. चार वर्षं इंजिनं शिकले ती कागदावर. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांना हातोडी आणि आम्हाला सुईदोरा होता, हे इथे सर बसलेत म्हणून मुद्दाम सांगते. (सर, तुमच्यावर राग नाही. टाके चांगले घालता येतात.) तर २०१९ साली घराच्या कागदपत्रांसाठी नगरला आले होते. रस्तारुंदीत गॅरेजचा पुढचा भाग गेलेला. चाचा जाऊन काही वर्षं झाली होती. मागच्या जागेत ताडपत्रीखाली ते नाक दिसलं. बंपरमधून वेडी बाभूळ वर आलेली. चाचांचा मुलगा तिथे होता आणि भंगारवाल्याशी किलोच्या भावाची बोलणी चालली होती. गाडीचं वजन साधारण अडीच टन, वर क्रेनचं लोखंड. मी विचारलं, “किती देतोय?” आणि त्याच्यापेक्षा थोडे जास्त सांगितले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवऱ्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, “लावणार कुठे?” गाडी शेवटी चुलतभावाच्या मळ्यातल्या कांद्याच्या चाळीत गेली.

आता ही गाडी म्हणजे काय, ते थोडक्यात. पिवळा रंग खरवडला तर खाली राखाडी, त्याखाली निळा आणि सगळ्यात खाली लष्करी हिरवा. डॅशबोर्डवर ग्रीसच्या थराखाली एक पत्र्याची पट्टी निघाली. त्यावर लिहिलेलं होतं, ट्रक, पाऊण टन, चार गुणिले चार, वेपन्स कॅरिअर. डॉज, १९४३. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी डॉजने बनवलेली ही डब्ल्यूसी मालिका. आपल्या गाडीला पुढे तार ओढायचा विंच आहे, म्हणजे ती डब्ल्यूसी-५२. या प्रकारच्या सुमारे ५९ हजार गाड्या निघाल्या; विंच नसलेल्या डब्ल्यूसी-५१ त्याच्या दुपटीहून जास्त. तोफ ओढायची, माणसं आणि दारूगोळा न्यायचा, यासाठी. युद्धात अमेरिकी फौजा आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर होत्या. युद्ध संपल्यावर ढिगाने लष्करी सामान इथेच राहिलं आणि डिस्पोजलच्या लिलावांतून देशभर पसरलं. डॉज, जीप, शेव्हरोले, कॅनेडियन ट्रक. कुणी त्यावर बसची बॉडी चढवली, कुणी टँकर केला, कुणी क्रेन. आपण नववीत असताना, १९९४ साली, नगरला रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं आणि आपल्याला तिथे रांगेने नेलं होतं. आठवतंय? जाताना-येताना आपण ज्या गाडीजवळून गेलो, तीही त्याच युद्धातून आलेली होती, हे आपल्याला कुणाला माहीत नव्हतं. सरांनाही नसावं.

मला वाटलं होतं, की एक चांगला मिस्त्री गाठू, पैसे देऊ, वर्षभरात गाडी चकचकीत. तो भ्रम महिन्यात उतरला. मग मी पुस्तक मिळवलं. अमेरिकी लष्कराची या गाडीसाठीची पुस्तिका, टीएम ९-८०८, जानेवारी १९४४ ची. मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आणि त्याची कागदपत्रंही लिहिते. आम्ही जे लिहितो ते सहा महिन्यांनी आम्हालाच कळत नाही. ही पुस्तिका मात्र एकोणीस-वीस वर्षांच्या, काल-परवा शेतावरून भरती झालेल्या पोरांसाठी लिहिलेली आहे आणि ऐंशी वर्षांनी ती मला कळली. निघण्याआधी काय बघायचं, चालताना काय ऐकायचं, थांबल्यावर काय करायचं, परत आल्यावर काय पुसायचं. थांबल्यावरचं मला फार आवडतं. खाली उतरायचं आणि प्रत्येक चाकाच्या हबला, ब्रेकच्या ड्रमला, गिअरबॉक्सला हात लावून बघायचं. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय. मीटर नाही, दिवा नाही, हात. मी हल्ली पुण्याहून येताना टोलनाक्यावर माझ्या कारच्या चाकांनाही हात लावते. मुलगी ओशाळते.

पुस्तिका वाचूनही पहिली फजिती व्हायची ती झालीच. डाव्या बाजूचं चाक काढायला बसले. नट हलेना. पान्याला लांब पाइप लावला आणि त्यावर उभी राहिले. स्टड तुटला. दुसऱ्या नटाला तेच, दुसरा स्टड तुटला. चाचांचा मुलगा त्या दिवशी उरलेले पैसे घ्यायला मळ्यावर आला होता. तो लांबून बघत होता. तिसऱ्या नटाला पाना लावला तेव्हा म्हणाला, “मॅडम, डाव्या अंगाचे आटे उलटे आहेत. तुम्ही घट्ट करताय.” स्टडच्या टोकावर चक्क ‘एल’ अक्षर कोरलेलं असतं. त्यावर गंज होता आणि माझ्या पदवीचाही थोडा गंज होता.

मग तो खाली बसला आणि चाकाची रिम दाखवली. ही लढाऊ रिम दोन भागांची असते, बोल्टांनी आवळलेली. आत टायरच्या कडा धरून ठेवणारं एक कडं असतं, म्हणजे गोळी लागून हवा गेली तरी टायर रिमवरून निघत नाही आणि गाडी पळत राहते. पण तेच बोल्ट कुणी चाकात हवा असताना सोडले, तर बाहेरचा लोखंडी भाग तोफगोळ्यासारखा उडतो. म्हणून आधी व्हॉल्व्हचा पिन काढायचा, सगळी हवा जाऊ द्यायची, हाताने दाबून खात्री करायची आणि मगच पाना लावायचा. हे सांगताना त्याने माझ्या हातातला पाना काढून आपल्या मांडीखाली ठेवला होता.

त्या दिवसापासून तो रविवारी यायला लागला. आधी मजुरी ठरवून, पुढे नुसताच.

पहिलं वर्ष आम्ही इंजिनाला हात लावला नाही. मला घाई होती, त्याला नव्हती. त्याचं म्हणणं, सुरू होणारी आणि न थांबणारी गाडी बंद गाडीपेक्षा वाईट. या डॉजचे ब्रेक तेलावरचे आहेत, पण चारही चाकांना मिळून एकच लाइन. कुठेही एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला आणि एकही ब्रेक नाही. सगळ्या नळ्या नव्या केल्या. चाकांतले सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले. ते पुण्याला नेऊन, बोअर करून, आत बुश घालून, मूळ मापाला आणून घेतले. रबर कप मापाने मिळाले.

ड्रम उघडले त्या दिवशी आमचं पहिलं भांडण झालं. आत वाटीभर काळी भुकटी होती. गॅरेजच्या सवयीने त्याने कॉम्प्रेसरची नळी घेतली. मी ओरडले. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती भुकटी उडवायची नसते, पाण्याने भिजवून फडक्याने टिपायची असते आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं असतं. तो म्हणाला, “तीस वर्षं खाल्ली ही धूळ.” मी म्हटलं, “म्हणूनच.” तो काही बोलला नाही. चाचांना शेवटी फार खोकला होता. कशाचा होता ते कुणी तपासलं नाही. त्याने नळी गुंडाळून ठेवली, बादली आणली, आणि त्यानंतर मी कधी ते सांगितलं नाही.

आता इंजिनाकडे येते. मूळ गाडीला सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, ३.८ लिटरचं, ९२ अश्वशक्तीचं. गाडी ताशी ५४ मैल पळायची, म्हणजे सत्त्याऐंशी किलोमीटर. बॉनेट उघडलं तर आत होतं पर्किन्सचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनलेलं. सहाच्या जागी चार, म्हणून पुढे हातभर जागा मोकळी. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केलेली, त्यामुळे डॅशबोर्डवरचे मूळ काटे मेलेले. डिझेल इंजिन सावकाश फिरणारं, त्यामुळे गाडी साठ-पासष्टच्या पुढे जात नाही. क्रेनला काय करायचंय पुढे जाऊन? तेल स्वस्त, ओढ चांगली. गिअरबॉक्स मात्र डॉजचाच, चार गिअरचा. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो आणि मधे इंजिनाचा वेग कानाने जुळवावा लागतो. जुळला नाही तर दळणाचा आवाज येतो. तो शिकायला मला तीन महिने लागले आणि मळ्यातल्या कुत्र्यांनी तेवढे दिवस जागा बदलली.

२०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा बदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. माझ्या ओळखीच्या, जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मंडळींनी सांगितलं, की मूळ इंजिन शोध, क्रेन कापून काढ, मागे लाकडी फाळके बसव, हिरवा रंग मार. नाहीतर तुझ्याकडे आहे ते भंगार. एकाकडे मूळ सहा सिलिंडरचं इंजिन होतंही. मी पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

आणि रविवारी चाळीत मी उत्साहाने म्हटलं, “हे जुगाड काढून टाकू आता.”

तो इंजिनाखाली झोपलेला होता. बाहेर आला. हात पुसले. म्हणाला, “जुगाड म्हणू नका, मॅडम. अब्बांनी मापं घेतली होती.”

मी सॉरी म्हटलं, पण मनात तसंच राहिलं. पुढच्या रविवारी मूळ इंजिनासाठी मापं घ्यायची म्हणून आम्ही पर्किन्स सोडवून मागे घेतलं. मद्रासचं इंजिन आणि डॉजचा गिअरबॉक्स एकमेकांना बसत नाहीत. मधे जाड पोलादी पट्टी लागते, एका बाजूला एकाची भोकं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. ती पट्टी निघाली. कडांवर कानशीचे तिरपे ओरखडे, एकाच दिशेने, अगदी शेवटपर्यंत. प्रत्येक भोकाशेजारी पंचाच्या खुणा. एक भोक चुकलेलं. ते भरून, घासून, पुन्हा केसभर सरकवून पाडलेलं. कोपऱ्यात पंचाने मारलेलं साल, १९६६.

इथे मला थोडं तांत्रिक बोलू द्या. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत असावे लागतात. फरक राहिला तर क्लच धरतो, बेअरिंग खातं, गिअरबॉक्सचा दांडा घासतो. साधारणपणे एक इंचाचा दोनशेवा भाग, म्हणजे ०.१२ मिलिमीटरच्या आसपास चालतो, त्याहून जास्त नाही. मी डायल गेज आणला होता. पट्टी पुन्हा बसवली, गेज लावला, इंजिन हाताने फिरवलं. काटा हलला ०.०८. मला खरं वाटेना. गेज काढून पुन्हा लावला. पुन्हा ०.०८. पंचावन्न वर्षं ओढून झाल्यावर, कानशीने घासलेल्या पट्टीवर.

तो शेजारी उभा होता. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, “अब्बा आणि त्यांच्या उस्तादांनी पूर्ण पावसाळा घालवला होता त्यात. शेजारच्या लेथवाल्याकडे रात्रीचं काम करायचे, दिवसा तो द्यायचा नाही.” मग म्हणाला, “तुला गणित यायचं. आठवी ब. बाई तुला फळ्यावर बोलवायच्या.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षं तो माझ्या शेजारी बसून काम करत होता. आपल्या वर्गात होता तो. आठवी ब, खिडकीच्या बाजूला शेवटचा बाक. आठवीनंतर गॅरेजमध्ये गेला. आपण नववीत गेलो आणि प्रार्थनेला उभे राहून कुंभकर्णावर पैजा लावल्या, तेव्हा कधीकधी गाडी सुरू करणारा तोच असायचा. मी विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस? “तू विचारलं नाहीस. आणि मी मॅडम म्हणायचो तेव्हा तुला बरं वाटायचं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूळ इंजिन मी घेतलं नाही. ज्यांनी ते आणायचा सल्ला दिला त्यांचंही खरं आहे, हे मी मानते. सगळ्यांनी माझ्यासारखं केलं तर कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ती कशी होती, हे दाखवायला एकही उरणार नाही. पण मूळ रूपातल्या डॉज अमेरिकेत आणि युरोपात भरपूर आहेत. लोकांनी फार मेहनतीने राखल्या आहेत. ही पट्टी एकच आहे. त्यामुळे आपल्या गाडीला ‘व्हीए’ नंबर नाही, ती रस्त्यावर येत नाही. मळ्यातल्या वाटेवर चालते. ओळखीच्या मंडळींपैकी दोघांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे.

आणखी दोन गोष्टी सांगते.

एक, ती पहाटेची खोकी. डिझेल इंजिनाच्या लाइनमध्ये हवा शिरली की ते सुरू होत नाही. हातपंप मारून, स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी लागते. आम्ही इंजिन पुन्हा बसवलं, तर पर्किन्सचा तोच खोकला. सगळी लाइन तपासली. टाकीकडून येणाऱ्या नळीला क्लँपखाली केसासारखी चीर होती. डिझेल बाहेर गळत नव्हतं, पण रात्रभर हवा आत जायची आणि डिझेल टाकीत परत उतरायचं. नवी नळी टाकली. आता एका दमात सुरू होते. मी विजयी मुद्रेने म्हटलं, चाचांना हे तीस वर्षं कसं सापडलं नाही? तो म्हणाला, “माहीत होतं. तेव्हा नळी बदलायची तर टाकी उतरवायला लागायची. दोन दिवस गाडी उभी. क्रेन उभी राहिली तर घरात चूल कशी पेटणार? रोज वीस मिनिटं पंप मारणं परवडायचं.” आमच्या कंपनीतही अशा नळ्या आहेत. पण आमची चूल पेटते, तरी आम्ही बदलत नाही.

दोन, कडुलिंबाच्या दिवशीचा ‘टक्’. विंचला शक्ती पोचवणाऱ्या दांड्यात एक मऊ धातूची पिन असते. ओढ जास्त झाली की ती पिन आधी तुटते. तार तुटत नाही, गिअर तुटत नाही. तिथे कडक बोल्ट ठोकला तर पिन तुटायचा त्रास संपतो, आणि मग एक दिवस ताणलेली पोलादी तार तुटून चाबकासारखी येते. समोर उभ्या माणसाचे पाय कापून नेईल इतक्या जोरात. चाचांच्या हत्यारपेटीत तळाला बिस्किटाचा डबा निघाला. त्यात अशा पिना होत्या, लेथवर काढलेल्या, मोजल्या तर एकसष्ट. त्या दिवशी फाटकाशी तारेच्या रेषेत आपण सगळे उभे होतो. ब तुकडी पुढे होती.

आता विनंती. या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालपत्रावरून केली आहे. संयोजकांची चूक नाही. दुसरा कागद नव्हता. पण आठवीचं हजेरीपुस्तक शाळेत असेल. कार्यालयातल्या ताईंना मी विचारलं आहे, शोधून ठेवते म्हणाल्या. ब तुकडीत आपण आठवीत सत्तावन्न होतो असं मला आठवतं. दहावीला किती होतो ते तुम्हीच मोजा. पुढच्या वेळची पत्रिका त्या पुस्तकावरून जावी.

गाडी आज ट्रेलरवरून इथे आणली आहे. मैदानाच्या टोकाला, फाटकाजवळ उभी आहे, आणि तो तिच्यापाशी आहे. त्याला मी सकाळी आत चल म्हटलं. म्हणाला, मी कुठे तुमच्या बॅचचा, मी गाडीजवळ थांबतो. मी फार आग्रह केला नाही, कारण मला वाटलं तुम्हीच बाहेर गेलात तर बरं. गणिताच्या बाई, तुम्ही आधी जा. तो तुम्हाला ओळखेल, तुम्हालाही तो आठवेल. लांबी-रुंदी त्याची कधी चुकायची नाही असं तुम्ही म्हणायचात, हे त्यानेच मला सांगितलं.

जेवण झाल्यावर तो गाडी सुरू करणार आहे. धूर येईल, तेव्हा मागे उभं राहू नका. या वेळी उंच लोकांनी पहिल्या रांगेत यावं. मुलांना क्रेनच्या साखळीला लोंबकळू देऊ नका. आणि ज्यांना पाना हातात घ्यायची हौस आहे, त्यांनी उजव्या बाजूने सुरुवात करा.